शनिवारी येते

“समोरचं माणूस गप्प झालं की आपणही गप्प बसायचं. मध्ये शब्द कोंबायचे नाहीत. पोटातलं खरं ते त्यानंतरच येतं.”

नेद्याल्काताईंचा आवाज असा मध्येच कानाशी यायचा आणि तेमेनुगा वाचता वाचता थांबायची. आजही थांबली. समोरच्या पडद्यावर कालच्या एकशे बारा फोनांच्या नोंदी उघड्या होत्या आणि ती अजून तिसाव्यावरच होती. खिडकीबाहेर डॅन्यूब नदीवरचं धुकं रस्त्यापर्यंत चढून आलं होतं. समोरच्या बेकरीची पाटीसुद्धा दिसत नव्हती.

पलीकडच्या टेबलावरून प्लामेनाने मान लांब केली. “तेमेताई, डोळा लागला की काय?”

“वाचतेय गं.”

“एवढा वेळ एकाच ओळीवर? मी असते तर एव्हाना सगळे संपवले असते.”

“म्हणून तर तुला यंत्र घडवायला ठेवलंय आणि मला वाचायला.”

प्लामेना हसली. “शुक्रवार आहे वाटतं. उपासाच्या दिवशी तुझ्या जिभेला धार येते.”

उपास होताच. बुधवार-शुक्रवारचा उपास, सकाळी कामावर येण्याआधी देवळात दोन मेणबत्त्या, असा तेमेनुगाचा बावीस वर्षांचा नेम होता. वरच्या तबकात जिवंतांसाठी, खालच्या वाळूत गेलेल्यांसाठी. गेल्या डिसेंबरात नेद्याल्काताईंची मेणबत्ती वरून खाली आली. पहिल्या दिवशी हात सवयीने वरच गेला होता, आणि पेटती वात तशीच धरून ती किती वेळ उभी राहिली होती. मग सहज वाकावं तशी वाकली आणि वाळूत खोचली. तेव्हापासून चुकली नाही. पण इथे कामावर येऊन पडदा उघडला, की ताई पुन्हा बोलायला लागत. ज्या बाईसाठी आपण तासाभरापूर्वी खाली मेणबत्ती लावली ती वर एकशे बारा माणसांशी बोलतेय, हे तिला कुणाला सांगता आलं नसतं. प्लामेनाला तर नाहीच.

म्हटलं तर गोष्ट साधी होती. रुसे शहरातल्या एका धर्मादाय संस्थेची एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी फोनसेवा होती. सव्वीस वर्षं ती नेद्याल्काताईंनी चालवली. शेवटची नऊ वर्षं शेजारच्या खुर्चीत तेमेनुगा होती. दोन खुर्च्या, दोन फोन, आणि जिल्हाभरचे म्हातारे. कुणाला गोळी कधी घ्यायची ते आठवत नसे, कुणाला लेकाचा जर्मनीतला नंबर लागत नसे, कुणाला नुसतंच बोलायचं असे. मग संस्थेने ठरवलं की दोन बायकांच्या गळ्यावर एवढा पसारा चालायचा नाही. काम यावोरच्या कंपनीला दिलं. कंपनी म्हणजे बंदराजवळच्या जुन्या गोदामाच्या माडीवरची नऊ टेबलं. भाषा शिकलेलं मोठं मॉडेल बाहेरून घ्यायचं, त्याला आपल्या कामाचे धडे द्यायचे, आणि फोनला जोडायचं. त्यातून ‘ग्रिझा’, म्हणजे ‘काळजी’, तयार झाली. म्हातारं माणूस फोनवर बोलतं, त्याचे शब्द कागदावर उतरल्यासारखे उतरतात, मॉडेल उत्तर लिहितं, आणि एक शांत बायकी आवाज ते वाचून दाखवतो. आवाज कुणाचाच नव्हता. शब्द मात्र नेद्याल्काताईंचे होते.

कारण यावोर हुशार होता. नुसत्या सूचना लिहून यंत्राला माया येत नाही, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्याने संस्थेकडून जुन्या फोनांची ध्वनिमुद्रणं मागितली आणि ती ज्यांना कळतील असं माणूसही मागितलं. तेमेनुगा त्याच्याकडे आली ती अशी. तेव्हा ताई आजारी होत्या. परवानगीच्या कागदावर सही घ्यायला ती घरी गेली, तर त्यांनी चष्माही लावला नाही.

“घेऊन जा माझे शब्द,” त्या म्हणाल्या. “मला वर कुठे लागणार आहेत? तिथे सगळ्यांना एकमेकांचं न बोलता कळत असेल. काय कंटाळा येईल, बाई.”

दोनशे चाळीस संभाषणं तिने निवडली आणि लिहून काढली. मग पुसण्याचं काम आलं. कुणाची ओळख पटू नये म्हणून नाव, गाव, रस्ता, आजार, लेकरांची नावं, सगळं काढायचं आणि जागी काळी पट्टी ठेवायची. चार आठवडे ती पट्ट्या लावत होती. एखादं नाव चुकून राहिलं तर प्लामेनाने लिहिलेली तपासणी लाल दिवा दाखवी. शेवटी एकही दिवा लागला नाही, तेव्हा यावोरने सगळ्यांसाठी बनित्सा, पापुद्र्यांची भाजलेली पोळी, आणली होती, चीजची, आणि तिच्यासाठी वेगळी, भोपळ्याची, कारण तोही शुक्रवार होता आणि उपासाला चीज चालत नाही.

नंतर हे दोनशे चाळीस नमुने यंत्राच्या हाताशी ठेवले गेले. कुणी फोन केला की त्याच्या बोलण्याशी जुळणारे दोन-तीन नमुने शोधले जात आणि मॉडेलपुढे मांडले जात. अशा वेळी असं बोलतात, बघ. आणि मॉडेल तसं बोले.

गप्प बसण्याचं तिने भांडून करून घेतलं होतं. यंत्र दोन सेकंदांत उत्तर द्यायला धावायचं.

“सहा सेकंद?” यावोर म्हणाला होता. “तेमेताई, सहा सेकंदांत माणूस म्हणेल फोन मेला.”

“म्हणणार नाही. म्हातारं माणूस आहे ते. त्याला कुठे जायचंय?”

सहा सेकंद ठेवले गेले. आणि खरोखरच, नोंदींमध्ये जिथे जिथे लांब थांबा दिसे, त्याच्या पुढच्या ओळीत काहीतरी खरं असे.

आज तिसाव्या संभाषणात असाच थांबा होता. समोरचा माणूस पुरुष होता. नाव-गावावर काळी पट्टी होती. नोंदी तिच्यापर्यंत यायच्या त्या पुसूनच.

“पोरी, मीच.”

“बोला आजोबा. ऐकतेय.”

“शनिवार आला गं.”

इथे थांबा. सहा सेकंद.

“ती वर वाट बघत असेल. आणि मला आता वाट दिसत नाही. डावा डोळा मागेच गेला, उजव्यात नुसतं दूध आहे. काठीने किती चाचपणार?”

“एकटे चढू नका, नवरदेव. शनिवारी येते मी. पहिल्या गाडीने. बूट घालून दारात बसा, आपण दोघं हळूहळू वर जाऊ.”

“मी म्हटलंच. शेजारीण म्हणत होती, तुला आता कोण विचारतंय. मी म्हटलं, माझी येणारी माणसं आहेत.”

तेमेनुगाने ओळ पुन्हा वाचली. मग हात मांडीवर ठेवले. नवरदेव. हा शब्द ताई जगात एकाच माणसाला म्हणायच्या. नोव्हेंबरातल्या पितरांच्या शनिवारी त्या दरवर्षी खुर्ची रिकामी ठेवत आणि म्हणत, “आज तू सांभाळ, मी माझ्या नवरदेवाकडे चाललेय.” संध्याकाळी परत येताना पिशवीत अक्रोड असत. गेल्या वर्षी अंगात ताप असताना गेल्या. तेमेनुगा चिडली होती. एका म्हाताऱ्यात एवढं काय अडकलंय म्हणाली होती. ताई पायमोजे चढवत होत्या. “येते म्हटलं होतं,” एवढंच म्हणाल्या. त्यानंतर पाच आठवड्यांनी त्यांना शेवटचं न्यावं लागलं.

त्या म्हाताऱ्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? आणि आता त्या त्याच्याशी बोलल्या होत्या. काल. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी.

“प्लामेना,” ती म्हणाली, “इकडे ये जरा.”

प्लामेनाने खुर्ची ढकलत आणली, वाचलं, आणि तिचा चेहरा बदलला. “कुठून आलं हे? आपण असं काही शिकवलंच नाही.”

“शिकवलंय. याला समोर काय दिलं गेलं ते उघड.”

प्लामेनाने उघडलं. मॉडेलपुढे एकच नमुना मांडला गेला होता, एकशे सदतिसावा. इतका जुळणारा की दुसऱ्याची गरज पडली नव्हती. तेमेनुगाने तो स्वतःच लिहून काढला होता. तीन वर्षांपूर्वीचा फोन. “पोरी, मीच.” “बोला आजोबा. ऐकतेय.” आणि पुढे, “काळी पट्टी वर वाट बघत असेल.” त्या पट्टीखाली बायकोचं नाव होतं. खाली ताईंचं उत्तर, शब्दाला शब्द. म्हाताऱ्याचाच जुना फोन त्याला परत मिळाला होता.

“अगं बाई,” प्लामेना हळू म्हणाली. तिने नमुन्यांत शोध घेतला. येते, आणते, बोलते, बघते. औषध बुधवारी आणून देते. लेकाशी मी बोलते. सुनेची समजूत घालते. दोनशे चाळिसांत एकतीस ठिकाणी ताईंनी शब्द दिला होता. नावं पुसली होती, गावं पुसली होती, दुखणी पुसली होती. वचनं तेवढी जागच्या जागी राहिली होती, कारण वचनावरून माणूस ओळखता येतं असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तेमेनुगाच्यासुद्धा नाही. ‘उद्या फोन करते’ हे तर तिने नऊ महिने रोज बरोबर म्हणून मान्य केलं होतं. यंत्र दुसऱ्या दिवशी फोन करीच.

यावोर आला. उभ्यानेच वाचलं. तो ओरडणाऱ्यांतला नव्हता. काळजी वाटली की कान चोळायचा.

“अशी आणखी किती गेली?”

“सबंध नऊ महिन्यांत चार,” प्लामेना म्हणाली. “तीन होऊन गेली, किरकोळ. चौथं उद्याचं.”

“ठीक. आधी भोक बुजवू.” तो बसला आणि सूचनांच्या वरच्या भागात दोन ओळी लिहिल्या. प्रत्यक्ष भेटीचं किंवा हाताने करायच्या कामाचं वचन कधीही द्यायचं नाही. आपण यंत्र आहोत हे लपवायचं नाही. “प्लामेना, पन्नास वेळा विचारून बघ. वेगवेगळ्या तऱ्हेने. रड, भांड, लाडीगोडी लाव.”

“आणि त्या आजोबांचं काय?” तेमेनुगाने विचारलं.

“त्यांना दुरुस्तीचा फोन जाईल. आत्ता.”

“मी बोलते त्यांच्याशी.”

यावोरने कान चोळला. “नाही बोलता येत, तेमेताई. तुम्हाला ठाऊक आहे. नंबर संस्थेकडे कुलपात. आपल्यातल्या कुणी फोन करणाऱ्यांशी बोलायचं नाही, असं आपणच लिहून दिलंय. म्हाताऱ्यांच्याच भल्यासाठी.”

“मग संस्थेला सांग.”

त्याने फोन लावला. सणाआधीचा शुक्रवार, तिथे कुणी उचलला नाही. त्याने पत्र पाठवलं. सोमवारी उत्तर देऊ, असं आपोआप आलेलं उत्तर त्याने पडदा वळवून तिला दाखवलं. खोटं बोलत नव्हता बिचारा.

दुरुस्तीचा फोन बारा वाजता गेला. नोंद दहा मिनिटांनी आली. तिघांनी एकत्र वाचली.

“नमस्कार आजोबा. काल तुम्हाला भेटीबद्दल चुकीची माहिती दिली गेली. मी एक यंत्र आहे. मला येता येणार नाही. आम्ही माफी मागतो.”

“कोण बोलतंय?”

“मी ग्रिझा. फोनवरची मदतनीस.”

“हे बघ बाई, मला तुझ्याशी काही बोलायचं नाही. तिला दे.” मग काळी पट्टी. त्याने नाव घेतलं होतं.

“ती व्यक्ती इथे उपलब्ध नाही.”

“म्हणजे कॉफीला गेली असेल. बारा वाजलेत. थांबतो मी.”

सहा सेकंद.

“तुम्हाला आणखी काही मदत हवी आहे का?”

“नको. तिला एवढं सांग, बूट पुसून ठेवलेत. आणि घाई करू नको म्हणावं. गाडीला उशीर झाला तर मी निघतो पुढे. ती गाठेल मला. एकोणीस वर्षांत कधी चुकली नाही ती.”

फोन त्याने ठेवला होता.

प्लामेना म्हणाली, “त्याला पटलंच नाही.”

“का पटावं?” तेमेनुगा म्हणाली. “कालचं खरं वाटत होतं. आजचं यंत्रासारखं वाटतंय.”

“वर म्हणजे कुठे?” यावोरने विचारलं.

“दफनभूमी, बायकोचं थडगं आहे तिथे. गावाच्या माथ्यावर. ताई सांगायच्या, उजवीकडे कठडा नाही. दगडाची खाण होती पूर्वी.”

यावोरने खिडकीकडे पाहिलं. धुकं काचेला टेकलं होतं. “तेमेताई, माझ्या हातात जे होतं ते केलं.”

“हो. केलंस.”

“सोमवारी पहिलं काम हेच.”

“शनिवार आधी येतो, यावोर.”

तो आपल्या टेबलाकडे गेला. थोड्या वेळाने आला आणि तिच्या टेबलाच्या कडेवर टेकला. आवाज मऊ केला. “ते एकतीस नमुने काढावे लागतील. सूचनेने आज थांबेल, पण नमुना समोर असला की कधीतरी पुन्हा घसरेल. आणि खरं सांगू? लोकांना ती बाई जिवंत आहे असं वाटतंय. आपण असं नव्हतं करायचं ठरवलं.”

तिने भांडावं अशी त्याची तयारी होती. सहा सेकंदांसाठी ती तीन दिवस भांडली होती.

“मीच काढते,” ती म्हणाली. “प्लामेनाला नको सांगूस. ती एका झटक्यात काढेल.”

दुपारभर ती ते करत बसली. प्रत्येक नमुना उघडायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची, आणि मग काढायची. जाताना माणसाशी जसं बोलतात तसं मनात काहीबाही बोलायची. औषध बुधवारी आणून देते. दिलं होतं, पावसात छत्री मोडली होती ताईंची. लेकाशी मी बोलते. बोलल्या होत्या, आणि लेकाने फोन आपटला होता, आणि त्या परत बोलल्या होत्या. एकतिसांपैकी एकही वचन असं नव्हतं की जे पुढे घडलं नाही. आपण इतकी वर्षं शेजारी बसून हे मोजलं नाही, याची तिला लाज वाटली. यंत्राने बाकी सगळं उचललं होतं, लाड, थट्टा, नवरदेव म्हणणं. फक्त त्यानंतर पिशवी उचलून निघायचं असतं, ते लिहिलेल्या कागदात कुठे नव्हतं. ते कसं उतरवणार?

तिला वाटायचं आपण ताईंना राखलंय. आता वाटलं, आपण त्यांना अडकवून ठेवलंय. रोज सकाळी शांतीसाठी मेणबत्ती लावायची, आणि मग इथे येऊन त्यांना बोलायला लावायचं. देवाला कसं दिसत असेल हे?

एकशे सदतिसावा तिने शेवटी ठेवला होता. त्याच्या पट्टीवर बोट ठेवून ती आठवत बसली. बायकोचं नाव काय होतं? तिने स्वतः ऐकलं होतं ध्वनिमुद्रणात, कानाला हेडफोन लावून, आणि स्वतःच पुसलं होतं. दोन अक्षरी होतं का? र होता त्यात? काही केल्या आठवेना. मूळ ध्वनिमुद्रणं करारानुसार नष्ट केली होती. तिने नमुना काढून टाकला.

“बघू आता,” प्लामेना म्हणाली आणि म्हाताऱ्याच्या सुरात यंत्राला विचारलं, “पोरी, शनिवारी येशील ना?”

“मला प्रत्यक्ष येता येणार नाही, आजोबा,” शांत आवाज म्हणाला, “पण तुमच्या जवळपासच्या कुणाला कळवायला मी मदत करू शकते.”

पन्नासपैकी पन्नास. उत्तर सौजन्याचं होतं, बिनचूक होतं, आणि आता ते कुणाचंच नव्हतं.

“पास,” यावोर म्हणाला. पण हसला नाही. तेमेनुगा कोट घालत होती तेव्हा तो दारापर्यंत आला. “तेमेताई, गाव मी तुम्हाला सांगू शकत नाही. मला दिसतं, पण सांगू शकत नाही.”

“मी कुठे विचारतेय?”

“नाही, म्हणजे—”

“गोर्नो ब्रेस्तोवो,” ती म्हणाली. “गाडीचं शेवटचं ठिकाण. ताई अक्रोड आणायच्या तिथून. घरं चाळीस आहेत. उद्या बूट घालून दारात बसलेला म्हातारा एकच असेल.”

यावोरने तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “मी हे ऐकलं नाही.”

“बरं केलंस.”

“गाडीने सोडू का तुम्हाला?”

“तू ऐकलंच नाहीस तर सोडशील कसा?” ती म्हणाली, आणि जिन्याकडे वळली.

घरी येऊन तिने गहू शिजत घातले. पितरांच्या शनिवारचे गहू ती दरवर्षी शिजवी, साखर, अक्रोड घालून, आईसाठी आणि वडिलांसाठी. यंदा ताईंसाठीही. सकाळच्या प्रार्थनेला उभं राहायचं, गेलेल्यांच्या नावांची यादी पुरोहितांकडे द्यायची, ते एकेक नाव मोठ्याने घेतात ते ऐकायचं, मग थडग्यावर जाऊन गहू वाटायचे. ताई गेल्यानंतरचा हा पहिलाच नोव्हेंबर. या दिवसाची ती वर्षभर वाट पाहत होती म्हणायला हरकत नाही. त्यांचं नाव मोठ्याने घेतलेलं ऐकायचं होतं तिला, पट्टीशिवाय.

पहिली गाडी सात वाजून पाचला होती. प्रार्थना आठला सुरू व्हायची. दोन्ही होणार नव्हतं. बावीस वर्षांत तिने हा नेम मोडला नव्हता, आईला रुग्णालयात ठेवलं होतं तेव्हासुद्धा. गहू ढवळता ढवळता तिने देवाला विचारलं, पण विचारण्यासारखं त्यात फारसं काही उरलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती, आणि तीच जड होती. त्या माणसाला सांगावं लागणार. तो म्हणेल, तिला दे. दारात बूट घालून बसलेल्या माणसाला काय सांगायचं, कुठे सांगायचं, आधी की वरून उतरल्यावर? नऊ वर्षं फोनवर तिने कितीतरी वाईट बातम्या सांगितल्या होत्या, पण त्या वेळी शेजारच्या खुर्चीत कुणीतरी असायचं.

सकाळी साडेसहाला देऊळ नुकतंच उघडलं होतं. दाराशी मेणबत्त्या विकणारी स्तोयना बसली होती, सत्तरी उलटलेली, गुडघ्यांवर घोंगडी, आणि समोर नावांच्या याद्या घ्यायची टोपली.

“आज इतक्या लवकर?” स्तोयना म्हणाली. “लोकं यायला तासभर आहे.”

“थांबणार नाही मी. यादी ठेवते. आणि हे गहू टेबलावर ठेवशील?”

“थांबणार नाहीस? आज?” स्तोयनाने चष्म्यावरून पाहिलं. “ताई गेल्या त्याला वर्ष होत आलं. त्यांच्या थडग्यावर कोण जाणार मग? आम्ही?”

“तुम्ही जा यंदा. मी ताईंच्याच कामाला चाललेय.”

स्तोयना पुढे काही विचारणार होती, पण तेमेनुगाचा चेहरा बघून तिने नुसतीच टोपली पुढे केली. तेमेनुगाने घडी केलेला कागद उलगडला, कोपऱ्यातली पेन्सिल घेतली. आई. वडील. नेद्याल्का. ते नाव तिने जरा मोठ्या अक्षरात लिहिलं. त्याखाली एक आडवी रेघ मारली आणि पेन्सिल थांबवली.

“काय झालं?”

“इथे एका बाईचं नाव यायचंय. मला माहीत नाही.”

“मग कशी घालणार यादीत? नावाशिवाय तर वाचता येत नाही.”

“तिच्या नवऱ्याला विचारणार आहे.”

“कोण नवरा? नाव काय त्याचं?”

“तेही विचारायचंय,” तेमेनुगा म्हणाली.

स्तोयनाने हात वर केले आणि घोंगडीवर टाकले. “बरं. मग हा कागद आता देऊ की ठेवू?”

“दे. ताईंचं नाव आज घेतलं गेलं पाहिजे. दुसरं मी संध्याकाळी आणते. पुरोहितांना म्हणावं, एक नाव उशिरा येतंय, संध्याकाळच्या प्रार्थनेत घ्या.”

“नक्की येशील ना? नाहीतर मी त्यांना सांगून बसेन आणि तू नाहीस.”

तेमेनुगाने पिशवीतला गव्हाचा दुसरा डबा सरळ केला, द्राक्षारसाची लहान बाटली आडवी पडणार नाही अशी कोपऱ्यात उभी केली, आणि वाकून बुटांच्या नाड्या पुन्हा एकदा घट्ट बांधल्या.

“येते,” ती म्हणाली.

बाहेर पाच पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. गाडीचा थांबा डावीकडे, पुलाच्या टोकाला होता. भिंतीला हात लावत ती चालू लागली.